हात जुना, विमान नवं: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात छोट्या विमानांच्या अपघातांवर लिहिलं होतं. त्यात एक मुद्दा असा होता की पायलट कितीही अनुभवी असू दे, ते ठराविक विमान त्याच्या हाताला नवीन असेल तर पहिल्या काही तासांत धोका वाढतो. त्यावर भरपूर पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅपही आले, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातूनच. सगळी घेता येणार नाहीत, जागा कमी आहे. बऱ्याच जणांनी नाव छापू नका म्हणून सांगितलंय, म्हणून कुणाचंच छापत नाही, फक्त गाव देतो.

नमस्कार सर. माझा मुलगा विदर्भात फ्लाइंग शिकतोय. आत्तापर्यंत सेसना १५२ वर होता, आता त्याला डायमंड डीए ४० वर टाकणारेत. तुमचा लेख वाचल्यापासून मला झोप नाही. हजारो तास उडवलेली माणसं नवीन विमानात पडत असतील तर माझ्या पोराचं काय? आणि मुळात इतका अनुभवी माणूस चुकतोच कसा, विमान ते विमानच ना? – एक आई, जुळे सोलापूर

ताई, आधी पोराचं सांगतो मग बाकीचं. तुमच्या मुलाला शेजारी इन्स्ट्रक्टर बसवून, आधी वर्गात शिकवून, मग विमानात घेऊन हळूहळू नव्या विमानाची सवय लावणार, त्यानं सोडल्याशिवाय पोराला एकटं उडवू देणार नाहीत. नव्या विमानात शिरायचा हाच खरा रस्ता आहे. मी ज्या अपघातांबद्दल लिहिलं होतं त्यात बहुतेक वेळा शेजारची सीट रिकामी होती, किंवा शेजारी बसलेल्यालाही ते विमान तितकंच नवीन होतं. तेव्हा झोप उडवून घेऊ नका.

आता अनुभवी माणूस चुकतो कसा ते. आपल्याकडे जुनी बुलेट ज्यांनी चालवलीय त्यांना लगेच कळेल. त्या गाडीला गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात होता, बाकी सगळ्या गाड्यांच्या उलटा. वीस वर्षं स्प्लेंडर चालवलेला माणूस त्या बुलेटवर बसला की रिकाम्या रस्त्यावर नीट चालवतो, डोक्यात सगळं पक्कं असतं, पण समोर अचानक रिक्षा आडवी आली की उजवा पाय आपोआप दाबला जातो आणि तिथं ब्रेकच नसतो. घाईच्या वेळी जुनी सवय पुढं येते, आणि जितका अनुभव जास्त तितकी ती सवय मुरलेली.

विमानात हे कुठं होतं ते बघा. तुमचा मुलगा ज्या सेसना १५२ वर शिकला तिला पंख वर असतात, दोन्ही पंखांतलं पेट्रोल आपोआप खाली इंजिनाकडं येतं आणि कॉकपिटमध्ये त्यासाठी एकच खटका, चालू किंवा बंद. म्हणजे कुठल्या टाकीतून पेट्रोल घ्यायचं हा विचार त्या पोराला कधी करावाच लागत नाही. थोडी मोठी सेसना १७२ घेतली तर तिला डावी, उजवी आणि दोन्ही अशा जागा असतात, सगळे ती 'दोन्ही'वर ठेवून विसरून जातात. आता हाच पोरगा उद्या पायपर चेरोकीत बसला तर पंख खाली, टाकी एकतर डावी नाहीतर उजवी, 'दोन्ही' असा प्रकारच नाही. टाकी निवडायचा खटका, म्हणजे सिलेक्टर, कुठं, तर पायलटच्या डाव्या बाजूच्या भिंतीवर खाली, पायाच्या नळीजवळ, बसल्या जागी नीट दिसतही नाही, हातानं चाचपून शोधायचा. ठरलेल्या वेळानं त्यानं टाकी बदलली नाही तर एक टाकी कोरडी पडते आणि इंजिन बंद पडतं, दुसरी टाकी भरलेली असतानासुद्धा. अशी विमानं शेतात उतरलीयत, तपास करणाऱ्यांना एका पंखात भरपूर पेट्रोल सापडलंय.

यातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर यांचं. १२ ऑक्टोबर १९९७, कॅलिफोर्नियातला मॉन्टेरे बे. माणूस नवशिका नव्हता, २७०० च्या वर तास उडवलेले, वडील हवाई दलातले पायलट. लाँग-ईझी नावाचं विमान त्यांनी नुकतंच विकत घेतलेलं. हे घरी बांधायचं विमान, बर्ट रुटान यांचं डिझाइन, पंखा मागं आणि छोटे पंख पुढं. मूळ नकाशात इंधनाचा सिलेक्टर पायलटच्या पुढ्यात दोन पायांच्या मध्ये दाखवलाय. पण हे ज्यानं बांधलं त्यानं पेट्रोलच्या नळ्या कॉकपिटमधून न्यायच्या नाहीत म्हणून तो सिलेक्टर पायलटच्या डाव्या खांद्याच्या मागं नेऊन बसवला. त्यावर कुठली बाजू कुठल्या टाकीची हेही लिहिलेलं नव्हतं. टाकीत किती पेट्रोल उरलंय हे सीटवरून वळून बघितल्याशिवाय दिसत नव्हतं. आदल्या दिवशी त्यांना साधारण अर्ध्या तासाची ओळख करून दिली गेली होती, बस तेवढीच. सिलेक्टरपर्यंत हात पोचत नाही हे त्यांनाही कळलं होतं, उड्डाणाआधी तिथल्या मेकॅनिकबरोबर पकड लावून दांडा लांब करता येतो का ते बघितलं, जमलं नाही. पेट्रोल भरू का असं विचारलं तर नको म्हणाले, फार वेळ उडायचं नव्हतं.

मग वर गेले, तीनदा उतरायचा सराव केला, किनाऱ्यावरून जाताना जेमतेम पाचशे फुटांवर असताना लोकांनी इंजिनाचा आवाज अडखळलेला ऐकला आणि विमान सरळ पाण्यात गेलं. अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबी या अमेरिकन संस्थेनं मग तसंच विमान घेऊन बसून बघितलं, की त्या सिलेक्टरपर्यंत पोचायला काय करावं लागतं. तर विमान चालवायची दांडी धरलेला उजवा हात सोडायचा, अंग वळवायचं आणि खांद्यावरून मागं हात घालायचा. आणि असं अंग वळवताना माणूस आधारासाठी नकळत उजव्या पायानं पेडल दाबतो. ते पेडल म्हणजे रडर, विमानाचं नाक डावीउजवीकडं वळवणारं. खाली जागा नाही, लक्ष मागं, पाय रडरवर. अहवालात कारण म्हणून सिलेक्टरच्या नादात विमानाकडचं लक्ष सुटणं आणि नकळत उजवा रडर लागणं हे लिहिलंय, आणि जोडीला त्या विमानाचं पुरेसं ट्रेनिंग नसणं आणि त्या प्रकारचा एकूण अनुभव कमी असणं हेही स्पष्ट लिहिलंय. २७०० तास असलेल्या माणसाबद्दल लिहिलंय हे, ताई.

तुमच्या मुलाला डीए ४० मध्ये काय वेगळं लागेल तेही सांगतो, म्हणजे फोनवर विचारता येईल. सेसनाचं हातातलं चाकासारखं योक जाऊन पायांच्या मधोमध स्टिक येईल. जमिनीवर वळवताना सेसनाचं पुढचं चाक पेडलनं वळतं, डायमंडचं पुढचं चाक नुसतं मोकळं फिरतं, त्याला एका बाजूचा ब्रेक दाबून वळवायचं, पहिल्या दिवशी सगळ्यांचं विमान टॅक्सीवेवर नागमोडी जातं. पंख लांब आणि गुळगुळीत, त्यामुळं उतरताना वेग थोडा जास्त असला की ते खाली बसायलाच तयार होत नाही, धावपट्टीवर तरंगत राहतं, आणि तिथं घाई करून नाक खाली दाबायचं नाही. डीए ४० चे पेट्रोल आणि डिझेल इंजिनवाले प्रकार वेगळे, टाक्यांची व्यवस्थाही वेगळी, तुझ्याकडं कुठलं आहे एवढं त्याला विचारा. धडाधड उत्तर आलं तर समजा अभ्यास चाललाय.

सर मी बारावी सायन्सला आहे, पायलट व्हायचंय. २०० तास झाले की कमर्शियल लायसन्स मिळतं म्हणतात. मग ते २०० तास कुठल्याही विमानावर चालतात का? आणि लायसन्स मिळाल्यावर कुठलंही विमान उडवता येतं का? – बार्शी

तास मोजताना वेगवेगळी विमानं एकत्र धरली जातात, त्यातले किती एकट्यानं, किती रात्री, किती इन्स्ट्रुमेंटवर याच्या अटी डीजीसीएनं, म्हणजे आपल्या सरकारच्या विमान खात्यानं, घातलेल्या आहेत. पण लायसन्स हातात आलं म्हणजे कुठलंही विमान घ्या आणि उडवा असं आपल्याकडं नाही. लायसन्सवर विमानाचा प्रकार चढवलेला असतो, नवा प्रकार उडवायचा तर त्याची परीक्षा देऊन तो चढवून घ्यावा लागतो.

अमेरिकेत याबाबत बरीच मोकळीक आहे. तिथं एक इंजिनाच्या जमिनीवरच्या विमानांचा एकच गट धरतात, साधारण ५६७० किलोच्या आतलं आणि जेट नसलेलं असेल तर कायद्यानं वेगळं टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारच्या विमानाची खास परवानगी, लागत नाही. २०० हॉर्सपॉवरच्या वरचं इंजिन, आत ओढली जाणारी चाकं, शेपटीकडचं चाक अशा काही गोष्टींसाठी एकदाच इन्स्ट्रक्टरची सही घ्यायची, झालं. म्हणजे आज एक आणि उद्या दुसरं विमान कायद्यानं उडवता येतं. व्यवहारात तिथल्या इन्शुरन्स कंपन्याच आडव्या येतात, या मॉडेलवर इतके तास इन्स्ट्रक्टरबरोबर करा मगच विमा देतो म्हणतात. तिथले अपघातांचे अहवाल वाच, पायलटच्या माहितीत एकूण तास वेगळे आणि 'या मॉडेलवरचे तास' वेगळे लिहिलेले असतात. मी आधी तो दुसरा आकडा बघतो. तूही लॉगबुक ठेवशील तेव्हा पहिल्यापासून प्रकारानुसार बेरीज वेगळी ठेव.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत फिटर होतो, आता रिटायर. माझा साधा प्रश्न, सगळ्या कंपन्यांनी सगळे दांडे एकाच जागी बसवले तर हा गोंधळच होणार नाही. हे कुणाला सुचलं नाही का? – सोलापूर

सुचलं, आणि ज्या पद्धतीनं सुचलं ते तुमच्यासारख्या हातानं काम केलेल्या माणसाला आवडेल. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बॉम्बर उतरल्यावर धावपट्टीवर असतानाच पायलट चाकं आत ओढून घ्यायचे, विमान पोटावर बसायचं. पायलटना दोष देणं चालू होतं. अल्फॉन्स चॅपॅनिस नावाच्या मानसशास्त्रज्ञानं कॉकपिटमध्ये जाऊन बघितलं तर चाकांचा खटका आणि फ्लॅपचा, म्हणजे उतरताना पंखाच्या मागच्या कडेला खाली सोडायच्या झडपांचा, खटका शेजारी शेजारी आणि दिसायला सारखेच. उतरल्यावर फ्लॅप वर घ्यायला हात जायचा आणि चाकं उचलली जायची. उपाय काय केला तर चाकांच्या खटक्याला छोटं रबरी चाक लावलं आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखा चपटा तुकडा. न बघता हाताला कळतंय काय धरलंय ते. आजही विमानात चाकांच्या दांड्याची मूठ गोल चाकासारखी आणि फ्लॅपची चपटी असते ती त्यामुळं. पुढं १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि जोन्स या दोघांनी पायलटच्या चुकांचे ४६० अनुभव गोळा करून तपासले आणि दाखवलं की ज्याला पायलटची चूक म्हणतात त्यातलं कितीतरी म्हणजे एका दांड्याऐवजी दुसरा दांडा धरला गेलाय.

पण जुनी विमानं मोडीत निघत नाहीत हो, पन्नास-साठ वर्षांची विमानं आजही उडतात. जुन्या बीचक्राफ्ट बोनान्झात चाकांचा आणि फ्लॅपचा खटका बाकीच्या विमानांच्या नेमका उलट्या बाजूला, दुसऱ्या विमानावरून आलेल्या पायलटनी त्यात जमिनीवर चाकं उचलल्याचे इतके प्रकार झाले की १९८० मध्ये एनटीएसबीला त्यावर वेगळा अहवाल काढावा लागला. काही जुन्या विमानांत वेग ताशी मैलात दाखवतात, नव्यात नॉटमध्ये. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर, ताशी एक मैल म्हणजे १.६१. नॉटची सवय असलेल्यानं मैलाच्या काट्यावर ७० बघून समाधान मानलं तर तो खरं म्हणजे ६१ नॉटवर आहे, एखाद्या विमानात तेवढ्यानं पंखाची ताकद संपते.

दिसणंच उलटं असलं तर आणखी वाईट. ३ फेब्रुवारी १९५९ च्या मध्यरात्री आयोवा राज्यात गायक बडी हॉली आणि त्यांचे दोन साथीदार ज्या बोनान्झात गेले, तिचा पायलट २१ वर्षांचा होता. बाहेर अंधार, बर्फ, क्षितिज दिसत नाही, म्हणजे आतल्या काट्यांवरच भरोसा. आणि त्या विमानातला नाक वर की खाली ते दाखवणारा जायरो तो ज्यावर शिकला होता त्याच्या उलटं दाखवायचा. तपासात हे कारणांमध्ये नोंदवलंय. काही मिनिटांत विमान शेतात गेलं. इतकं लहान पोरगं, त्याला त्या रात्री उडू द्यायलाच नको होतं असं मला अजूनही वाटतं.

आणि एक तुमच्यासाठी. इंजिन फिरायची दिशासुद्धा सगळीकडं एक नाही. सेसना किंवा पायपरचा पंखा पायलटच्या सीटवरून बघितला तर घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो, त्यामुळं टेकऑफला विमान डावीकडं ओढतं आणि उजवा पाय लावावा लागतो. टायगर मॉथचं जिप्सी इंजिन किंवा रशियन याक ५२ चं इंजिन उलटं फिरतं, तिथं डावा पाय. सेसनाचा मुरलेला पायलट टायगर मॉथमध्ये बसला की उजवा पाय दाबतो आणि सरळ धावपट्टीच्या बाहेर जायला लागतो. बाय द वे, देशात विमानं बनवायची हिंमत पहिल्यांदा केली ती आपल्या सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी, १९४० च्या डिसेंबरात बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट काढली, तीच पुढं एचएएल झाली. हे आपल्या पोरांना माहीत असायला हवं म्हणून मुद्दाम लिहिलं.

अशी अवघड विमानं सरकारनं बंदच का करू नयेत? लोकांचे जीव गेल्यावर ट्रेनिंगची चर्चा करायची याला काय अर्थ आहे? – एक वकील, सात रस्ता

वकीलसाहेब, तुमचा राग समजतो. पण यावर एक चांगली घडलेली गोष्ट आहे. मित्सुबिशी एमयू-२ नावाचं जपानी विमान, दोन टर्बोप्रॉप इंजिनं, छोटे पंख, जबरदस्त वेग. अमेरिकेत त्याचे इतके अपघात झाले की बंदी घाला अशी मागणी झाली. त्या विमानाची गोम अशी की बाजूला कलण्यासाठी बाकी विमानांना पंखाच्या मागच्या कडेला वरखाली होणाऱ्या झडपा, म्हणजे एलेरॉन असतात, याला त्याऐवजी पंखावर उघडणारे स्पॉइलर आहेत, आणि स्पॉइलर उघडला की त्या पंखाची उचल कमी होते. दुसऱ्या विमानांवर मुरलेला पायलट एक इंजिन बंद पडल्यावर सवयीनं योक जोरात वळवायचा, तिथं वेग आणि उंची आणखी जायची. अमेरिकेच्या विमान खात्यानं, एफएएनं, विमान पुन्हा तपासलं, विमानात दोष नाही म्हणाले, आणि २००८ मध्ये नियम काढला की एमयू-२ उडवणाऱ्या प्रत्येकानं त्याच विमानाचं ठरलेलं ट्रेनिंग घ्यायचं, दरवर्षी उजळणी करायची, चेकलिस्टही एकच वापरायची. त्यानंतर त्या विमानाचे अपघात एकदम खाली आले. विमान तेच, पंख तेच. रॉबिन्सनच्या छोट्या हेलिकॉप्टरसाठीही १९९५ मध्ये असाच खास नियम आला होता. म्हणून बंदीपेक्षा सक्तीच्या ट्रेनिंगसाठी भांडा असं मी म्हणेन, आणि तुमच्यासारखे लोक भांडले तर ते होईलही.

होटगी रोडला राहतो. आता रोज विमान डोक्यावरून जातं. हे पायलटपण असे नवीन विमानावर टाकलेले असतात का? – सोलापूर

नाही, काळजी नको. होटगी रोडच्या विमानतळाला आडवी येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी २०२३ च्या जूनमध्ये पाडली आणि २०२५ च्या जूनपासून गोव्याचं विमान सुरू झालं तेव्हापासून हा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारलाय. गोव्याला जाणारं ते एटीआर ७२, त्याच्या पायलटला आधी त्याच विमानाचा अभ्यासक्रम, मग त्याच विमानाच्या सिम्युलेटरवर इंजिन बंद पडण्यापासून आगीपर्यंत सगळं करून घेतात, मग प्रत्यक्ष फ्लाइटवर ट्रेनरबरोबर, आणि पुढंही दर सहा महिन्यांनी तपासणी. शिवाय दोघं असतात. मी लिहितोय ते एक-दोन इंजिनाच्या खासगी आणि क्लबच्या विमानांबद्दल.

संजय गांधींचा अपघात यातलाच होता का? मी तेव्हा कॉलेजात होतो, रेडिओवर बातमी ऐकलेली अजून आठवते. – पंढरपूर

२३ जून १९८०, दिल्लीचं सफदरजंग विमानतळ. विमान पिट्स एस-२ए, कसरतींसाठीच बनवलेलं दोन पंखी विमान, त्यांच्या हातात नुकतंच आलेलं. सोबत कॅप्टन सुभाष सक्सेना होते, तेही गेले. पिट्स इतकं छोटं आणि चपळ असतं की साध्या विमानात मनगट जितकं हलवतो तितकं तिथं हलवलं तर ते पालथंच होतं. पण यात मी नवेपणाला पहिला नंबर देणार नाही. पहिलं कारण कमी उंचीवर कसरत. वर तीन-चार हजार फूट हाताशी असते तर नव्या विमानातली चूक सावरायला वेळ मिळतो, घरांच्या डोक्यावर तो मिळत नाही. दोन्ही एकत्र आलं तर अनुभवी माणूस शेजारी असूनही उपयोग होत नाही. फार वाईट झालं ते, सक्सेनांच्या घरच्यांचं तर कुणी नावही काढत नाही.

काका मी दहावीत आहे, मुलगी आहे, मलापण पायलट व्हायचंय. यूट्यूबवर नवीन विमानात मोठे स्क्रीन असतात, नकाशा, सगळं दाखवतं. मग तर चूक होणारच नाही ना? – मोहोळ

नक्की हो बाळा. दहावीनंतर फिजिक्स आणि मॅथ्स घे, सोळा पूर्ण झाली की स्टुडंट पायलट लायसन्स काढता येतं.

स्क्रीन चांगलेच असतात, हवामान, डोंगर, दुसरी विमानं सगळं समोर येतं. पण एनटीएसबीनं २०१० मध्ये अभ्यास केला, स्क्रीनवाली छोटी विमानं आणि जुन्या गोल काट्यांची त्याच प्रकारची विमानं यांची तुलना केली. अपेक्षा होती की स्क्रीनवाली जास्त सुरक्षित निघतील. निघालं असं की त्यांचे एकूण अपघात कमी, पण जीवघेण्या अपघातांचं प्रमाण जास्त. त्यांनी त्यावर सांगितलं की प्रत्येक कंपनीचा स्क्रीन वेगळा चालतो, त्यामुळं त्या त्या यंत्राचं वेगळं ट्रेनिंग द्या. म्हणजे बघ, विमान ओळखीचं असलं तरी आतला स्क्रीन अनोळखी असू शकतो. पायलट बटणं शोधत खाली बघत राहतो आणि बाहेर बघायचं राहून जातं.

सिरस नावाच्या विमानात तर अख्ख्या विमानाचं पॅराशूट असतं, छतातली लाल मूठ ओढली की विमान छत्रीला लटकून खाली येतं. २००२ मध्ये पहिल्यांदा एका पायलटचा जीव त्यानं वाचला. पण सुरुवातीच्या वर्षांत कितीतरी जणांनी ती मूठ ओढलीच नाही, कारण आधीच्या विमानांत अशी मूठ नव्हती, संकटात हात तिकडं गेलाच नाही. मग ट्रेनिंगमध्ये टेकऑफच्या आधी मोठ्यानं बोलायला शिकवलं, अमुक उंचीच्या वर काही झालं तर पॅराशूट. त्यानंतर लोक ती वापरायला लागले आणि वाचायला लागले.

सर, माझ्याकडं प्रायव्हेट लायसन्स आहे, सगळं सेसनावर. परदेशात मित्राचं पायपर आहे, सुट्टीत गेलो की म्हणतो चल एक चक्कर मारून ये, सोपंय. तिथल्या लायसन्सचे कागद मी पूर्ण केलेत. एवढ्या छोट्या फरकाला इन्स्ट्रक्टर कशाला असं वाटतं. तुमचं मत? – विजापूर रोड, सोलापूर

माझं मत इन्स्ट्रक्टर घ्याच, आणि तोही पायपर शिकवणारा. मित्र चांगला पायलट असेल पण उजव्या सीटवरून दुसऱ्याची चूक वेळेत पकडणं हे वेगळं काम आहे.

नवीन विमान म्हटलं की मेलाच असं मात्र मी म्हणत नाही. युद्धकाळात ब्रिटनमध्ये एटीए म्हणून संघटना होती, कारखान्यातून तयार विमानं हवाई दलाच्या तळावर पोचवायची. त्यात बायकाही होत्या. सकाळी स्पिटफायर, दुपारी दोन इंजिनाचं बॉम्बर, कधी कधी असं विमान जे आयुष्यात पहिल्यांदाच बघतोय. जवळपास १४७ प्रकारची मिळून तीन लाखाच्या वर विमानं त्यांनी पोचवली. त्यांच्या खिशात एक छोटी वही असायची, रिंगची, एकेका विमानाचं एकेक पान, टेकऑफचा वेग, उतरायचा वेग, पेट्रोलचा खटका कुठं, काय विसरलं तर मराल. आणि त्याच्या आधी विमानांचे गट पाडून सोप्याकडून अवघडाकडं पायरीपायरीनं शिकवलेलं. तरीही त्यांचे दीडशेच्या वर लोक गेले, त्यात हवामानाचे बळी बरेच. पण ज्या प्रमाणात त्यांनी अनोळखी विमानं उडवली ते बघितलं तर ती वही आणि त्या पायऱ्या किती कामाच्या होत्या ते दिसतं.

तुम्ही पण तेच करा. मित्राकडून त्या विमानाचं पुस्तक आठवडाभर आधी मागवा, त्याच नंबरच्या विमानाचं, कारण एकाच मॉडेलच्या दोन वर्षांतही फरक असतात. त्यातून एका कागदावर स्वतःच्या हातानं वेग उतरवून काढा, नॉट की मैल तेही लिहा. मग हँगरमध्ये इंजिन बंद ठेवून तासभर नुसते बसा. डोळे मिटा आणि मित्राला सांगा एकेक नाव घे, फ्युएल सिलेक्टर, इलेक्ट्रिक पंप, फ्लॅप, ट्रिम, आणि हात बरोबर जागी जातो का बघा. जुन्या पायपरला फ्लॅपसाठी दोन सीटच्या मध्ये हँडब्रेकसारखा दांडा असतो, सेसनावाले पॅनेलवर खटका शोधत राहतात. आणि दरवाजा. पायपरला दार एकच, उजवीकडं, त्याला दोन कड्या, एक नेहमीच्या जागी आणि दुसरी वर छताजवळ. वरची हमखास विसरते, मग टेकऑफनंतर दार इंचभर उघडतं, भयानक आवाज येतो, कागद उडतात. विमानाला काही होत नसतं, ते व्यवस्थित उडत असतं, पण नवा माणूस दार ओढायला वाकतो आणि विमान सोडतो, त्यात लोक मेलेत. उघडलं तर उघडं राहू दे, सावकाश चक्कर पूर्ण करून उतरा आणि मग लावा.

पहिलं उड्डाण दिवसा, वारा कमी असताना, दोन्ही टाक्या भरून, बायकोमुलांना न घेता. आधी वर जा, तीन हजार फुटांवर, तिथं ते हळू उडवून बघा, स्टॉल होताना, म्हणजे वेग कमी पडून पंखाची उचल संपताना, काय वाटतं ते इन्स्ट्रक्टरबरोबर दोन-चारदा बघा, टाकी एकदा मुद्दाम बदला, मगच उतरायचा सराव. हे सगळं मिळून अर्धा दिवस जाईल. इन्स्ट्रक्टर त्या आठवड्यात मिळाला नाही तर मित्राच्या शेजारी बसून फिरून या, उडवू द्या त्यालाच, विमान पुढच्या सुट्टीतही तिथंच असणारे.